पडदा स्वच्छ, तरी दिसत नाही

उजेड सोसत नाही, ही तक्रार डोळ्यांच्या दवाखान्यात रोज ऐकू येते. कोरडेपणा, मोतीबिंदू, बुबुळावरचा ओरखडा, अर्धशिशी अशी तिची कारणं ढीगभर असतात आणि बहुतेक साधी असतात. पण कधीतरी या तक्रारीला आणखी काही चिकटून येतं. दिवसा बाहेर पडलं की सगळं पांढरंफटक दिसतं आणि दिवेलागणीनंतर पायाखालची पायरीही दिसत नाही. रंग विटतात. डोळे मिटले तरी ठिणग्या उडत राहतात, पाण्यावर ऊन हलावं तशी लकाकी थरथरत राहते. दोन्ही डोळ्यांत, काही न दुखता, आठवड्याआठवड्यानं वाढत जाणारं हे सगळं. थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) पाहावा, तर तो स्वच्छ. दृष्टिमज्जातंतूचं टोक गुलाबी, रक्तवाहिन्या नीट, मधला भाग नीट.

माणूस सांगतो दिसत नाही, आणि डोळा सांगतो सगळं ठीक आहे. अशा वेळी कोणाचं ऐकायचं, हा या लेखाचा विषय. कारण या तक्रारीमागे कधीकधी छातीत किंवा ओटीपोटात वाढणारी गाठ असते, जिचा पत्ता अजून कोणालाच लागलेला नसतो.

अशा आजारांना पॅरानिओप्लास्टिक म्हणतात. गाठ एकीकडे आणि बिघाड दुसरीकडे. गाठीच्या पेशी डोळ्यापर्यंत पोहोचलेल्या नसतात, गाठीचा दाबही कशावर पडत नसतो. १९७६ साली सॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या तीन रुग्णांचं वर्णन केलं. त्यांची दृष्टी गेली होती, पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी नष्ट झाल्या होत्या, पण डोळ्यात कर्करोगाचा मागमूस नव्हता. आज याला कर्करोगाशी संबंधित रेटिनोपथी, म्हणजे पडद्याचा आजार, म्हणतात, आणि बोलताना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कार'. आजार दुर्मीळ आहे. पण साधारण निम्म्या रुग्णांत डोळ्याची तक्रार आधी येते आणि कर्करोग नंतर सापडतो. म्हणून त्याची ओळख ठेवावी.

हे घडतं कसं, ते थोडं सावकाश पाहू. पडद्यातल्या दंडपेशींमध्ये, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींमध्ये, रिकव्हरिन नावाचं एक छोटं प्रथिन असतं, वजनानं २३ किलोडाल्टन. अंधारात पेशीत कॅल्शियम भरपूर असतं, तेव्हा रिकव्हरिन एका एन्झाइमला धरून ठेवतं. उजेड पडला की कॅल्शियम उतरतं, रिकव्हरिन आपली पकड सोडतं, आणि ते एन्झाइम उजेडानं जागं झालेलं रोडॉप्सिन, म्हणजे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य, पुन्हा शांत करतं. म्हणजे दिवा लागल्याची वर्दी दिल्यानंतर बटण पूर्ववत करण्याच्या कामात रिकव्हरिनचा हात असतो. हे प्रथिन डोळ्याबाहेर सहसा कुठे नसतं. पण काही कर्करोगांच्या पेशी, विशेषतः फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाच्या, नको तिथे ते बनवू लागतात. रोगप्रतिकारक यंत्रणेनं डोळ्यातलं रिकव्हरिन कधी नीट पाहिलेलं नसतं, कारण पडदा रक्तापासून बराच अलग राखलेला असतो. छातीतल्या गाठीत ते दिसताच यंत्रणा त्याला परकं ठरवते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. ही प्रतिपिंडं रक्तातून पडद्यापर्यंत पोहोचतात आणि दंडपेशींत शिरतात. पेशीतला कॅल्शियमचा हिशेब बिघडतो आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवण्याच्या मार्गाला लागते.

शरीर इथे गाठीशीच लढत असतं. त्या लढाईची झळ डोळ्याला लागते. या आजारातली ही गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करणारी आहे, आणि उपचारातला पेचही इथूनच निघतो.

तक्रारींचा अर्थ आता लागतो. मरू घातलेल्या पेशी खोटे संदेश पाठवतात, त्या ठिणग्या. बटण पूर्ववत होत नाही, म्हणून झगमग ओसरायला वेळ लागतो. दंडपेशी गेल्या की रातांधळेपणा येतो, दिवसाच्या उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी गेल्या की रंग आणि बारीक अक्षरं जातात. नजरेच्या मध्याभोवती आंधळेपणाचं कडं तयार होतं. समोरून येणारा माणूस दिसतो, बाजूला सरकला की नाहीसा होतो, आणि आणखी बाजूला गेला की पुन्हा दिसतो. घरचे म्हणतात, हल्ली धांदरटपणा वाढलाय.

चूक होते ती इथे. वय साठीच्या पुढचं असतं, डोळ्यात थोडा मोतीबिंदू असतोच. दोष त्याच्यावर जातो, शस्त्रक्रिया होते, कृत्रिम भिंग उत्तम बसतं, आणि दिसणं तसूभरही सुधारत नाही. किंवा सगळं नॉर्मल आहे म्हणून माणसाला चिंता कमी करायला सांगितलं जातं. पडदा स्वच्छ असणं हा अर्धाच निष्कर्ष आहे. दिव्याखाली पडदा पाहताना त्याचा आकार, रंग आणि रक्तवाहिन्या दिसतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी काम करताहेत की नाही, हे तसं पाहून सुरुवातीला कळत नाही. रक्तवाहिन्या बारीक होणं, मज्जातंतूचं टोक फिकट पडणं, रंगद्रव्याच्या थरावर ठिपके येणं ही चिन्हं उगवतात तोवर बरीच दृष्टी गेलेली असते.

ते काम मोजण्याची तपासणी म्हणजे ईआरजी, पडद्याचा विद्युत आलेख. हृदयाला ईसीजी तसा डोळ्याला ईआरजी. तपासणी सोपी आहे, पण ती घाईत बिघडते, म्हणून तपशिलात सांगतो. आधी बाहुली थेंबांनी पूर्ण मोठी करतात. मग किमान २० मिनिटं पूर्ण अंधारात बसवतात, म्हणजे दंडपेशी पुरत्या जाग्या होतात. या वीस मिनिटांत कोणी दार उघडलं किंवा खिशातला फोन उजळला, तर पुन्हा सुरुवात करावी लागते. त्याच दिवशी पडद्याचे फोटो काढायचे असतील तर ते ईआरजीनंतर काढावेत. फोटोच्या झगझगीत फ्लॅशनंतर पेशी सावरायला निदान अर्धा तास द्यावा लागतो. बुबुळावर किंवा खालच्या पापणीच्या कडेला इलेक्ट्रोड बसवतात आणि अर्धगोलाकार भांड्यात डोकावायला सांगून त्यात प्रकाशाचे झोत सोडतात. आधी अगदी मंद, फक्त दंडपेशींसाठी. मग तीव्र, दोन्ही प्रकारच्या पेशींसाठी. मग १० मिनिटं उजेडाची सवय करून शंकुपेशींसाठी, आणि सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा. आलेखात आधी खाली जाणारी 'ए' लहर येते, ती प्रकाशपेशींची. मग वर चढणारी 'बी' लहर, ती त्यांचा निरोप पुढे नेणाऱ्या जोडपेशींची. 'कार'मध्ये दोन्ही लहरी खुरटतात, कधी रेघ जवळजवळ सपाट होते. डोळ्याला पडदा निरोगी दिसतोय आणि आलेख सपाट आहे, अशी जोडी समोर आली की घाई करावी.

सोबत ओसीटी हा प्रकाशानं केलेला पडद्याचा स्कॅनही करतात. त्यात पडद्याचे थर उभ्या छेदात दिसतात आणि प्रकाशपेशींची नेमकी रेघ तुटलेली किंवा पुसट झालेली सापडते. स्वयंदीप्तीच्या, म्हणजे पडद्याची स्वतःची मंद चकाकी टिपणाऱ्या, फोटोत मध्यबिंदूभोवती उजळ कडं दिसू शकतं. दृष्टिक्षेत्र तपासताना फक्त मधले २४ अंश पाहून थांबू नये, कडेचा भाग त्यात सुटतो.

याच चित्राची नक्कल करणारे आजारही आहेत. रेटिनायटिस पिग्मेंटोझामध्ये हेच सगळं होतं, पण वर्षांच्या गतीनं, आणि बहुधा पडद्यावर काळे रंगद्रव्याचे फराटे उमटतात. जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता झाली तरी रातांधळेपणा येतो आणि आलेख खुरटतो. आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा यकृत बिघडलेल्या माणसात ती होऊ शकते, आणि ती औषधानं भरून निघते. म्हणून रक्तातलं 'अ' मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, टॅमॉक्सिफेन अशा औषधांचा पडद्यावर परिणाम होतो, तेव्हा गोळ्यांची यादी नीट वाचावी. आणि कर्करोग आधीच माहीत असेल, तर तो मेंदूच्या आवरणात पसरून दृष्टिमज्जातंतूभोवती जमलाय का, हे पाहावंच लागतं. तिथेही डोळा बाहेरून निर्दोष दिसतो, पण ईआरजी चांगला येतो. बिघाड पडद्याच्या मागे असतो. त्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करतात आणि पाठीतलं पाणी तपासतात, तेही एकदा निर्दोष आलं तर पुन्हा.

त्वचेच्या मेलानोमाशी, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाशी, जोडलेला 'कार'चा एक भाऊ आहे, आणि मला तो फार बोलका वाटतो. १९८८ साली मेलानोमाच्या रुग्णांतल्या अशा रातांधळेपणाचं वर्णन झालं. इथे क्रम बहुधा उलटा असतो. मेलानोमा आधीच माहीत असतो, कधी काळी काढलेलाही असतो, आणि अचानक डोळ्यापुढे सतत लुकलुक सुरू होते, रात्रीचं दिसणं जातं. दिवसाची नजर मात्र बरीच शाबूत असते. ईआरजीत 'ए' लहर नीट येते आणि 'बी' लहर कोसळलेली असते. म्हणजे प्रकाशपेशी जिवंत आहेत, पण निरोप पुढे जात नाही. २०११ मध्ये त्याचं कारण सापडलं. उजेड पडल्यावर पेटणाऱ्या जोडपेशींवर टीआरपीएम१ नावाचं प्रथिन असतं, आणि प्रतिपिंडं त्याच्यावर बसतात. हेच प्रथिन १९९८ मध्ये मेलानोमावरच्या संशोधनात 'मेलास्टॅटिन' या नावानं आधी ओळखलं गेलं होतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आणि पडद्यातल्या या जोडपेशी दोघीही ते वापरतात. दंडपेशींचा निरोप मुख्यतः याच जोडपेशींतून जातो, म्हणून रात्र जाते. शंकुपेशींना उजेड विझल्यावर पेटणाऱ्या जोडपेशींचीही वाट असते, म्हणून दिवस बराचसा उरतो. मेलानोमा झालेल्या माणसाला नव्यानं लुकलुक दिसू लागली, तर कर्करोग परतलाय का, पसरलाय का, याची तपासणी पुन्हा करायची. आता मेलानोमावर इम्युनोथेरपी मोठ्या प्रमाणावर दिली जाते. ती प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करते, आणि त्यात असे डोळ्याचे आजार उफाळू शकतात. त्यामुळे ही चौकशी उपचार सुरू असतानाही व्हायला हवी.

आणखी एक आजार आहे, ज्यात पडदा मुळीच स्वच्छ नसतो. दोन्ही डोळ्यांतल्या रंगपेशी बेसुमार वाढू लागतात. पडद्याखाली गोल लालसर चट्टे उमटतात, तिथे पाणी साठून पडदा सुटू लागतो, आणि मोतीबिंदू वर्षांऐवजी काही आठवड्यांत पिकतो. गास यांनी १९९० मध्ये या चिन्हांचा संच मांडला. स्त्रियांत याचं मूळ बहुधा अंडाशयात किंवा गर्भाशयात असतं, पुरुषांत फुप्फुसात किंवा स्वादुपिंडात. रक्तातला एक घटक रंगपेशींना वाढायला चेतवतो, म्हणून रक्तद्रव गाळून बदलण्याचा उपाय इथे काही रुग्णांना उपयोगी पडला आहे. स्टेरॉइडचा मात्र फारसा उपयोग होत नाही. दोन्ही डोळ्यांत एकदमच झपाट्यानं पिकणारा मोतीबिंदू पाहिला, की भिंग बदलण्याआधी पडदा पाहावा, भिंगामागचं दिसत नसेल तर सोनोग्राफीनं.

काही वेळा नजर ठीक असते आणि डोळ्यांच्या हालचालीच बिघडतात. एक ते तीन वर्षांचं मूल अचानक अडखळू लागतं, चालायचं सोडून देतं, किरकिर करतं, झोपत नाही, आणि त्याचे डोळे सगळ्या दिशांनी सैरावैरा झटके घेतात, मिटल्यावर पापण्यांखालीसुद्धा. १९६२ मध्ये किन्सबोर्न यांनी या आजाराचं वर्णन केलं. नाचरे डोळे, नाचरे पाय असं त्याला म्हणतात. विषाणूसंसर्गानंतर मुलं काही दिवस लटपटतात, त्यातच हे खपून जातं. फरक डोळ्यांच्या त्या झटक्यांत आणि मुलाच्या बदललेल्या स्वभावात असतो. अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांत न्यूरोब्लास्टोमा हा मज्जापेशींपासून होणारा लहान मुलांचा कर्करोग सापडतो. गाठ बहुधा लहान आणि मवाळ असते, म्हणून लघवीतल्या ज्या रसायनांवरून न्यूरोब्लास्टोमा ओळखतात ती पुष्कळदा नॉर्मल येतात. तेवढ्यावर आईवडिलांना निर्धास्त करून पाठवू नये. मानेपासून ओटीपोटापर्यंत एमआरआय किंवा सीटी करावाच लागतो. गाठ काढल्यावर जीव बहुधा वाचतो. पण बोलणं, शिकणं, वागणं यांत मागे राहिलेल्या अडचणी बऱ्याच मुलांच्या सोबत राहतात. प्रतिकारशक्ती शमवणारे उपचार लवकर आणि पुरेसे द्यायचे ते त्यासाठी. मोठ्या माणसांत असे झटके दिसले तर स्तन आणि फुप्फुसाकडे पाहावं.

पापण्यांबद्दल थोडंसंच. पापण्या ढळणं, तोंड सुकणं आणि खुर्चीतून उठताना मांड्यांनी साथ न देणं हे तिन्ही एकत्र आलं, तर लॅम्बर्ट–ईटन हा स्नायू दुबळे करणारा आजार आठवावा. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांत स्मॉल सेल कर्करोग असतो. मायस्थेनिया या तशाच स्नायू थकवणाऱ्या आजारात वर बघत राहिलं की पापणी आणखी ढळते, लॅम्बर्ट–ईटनमध्ये कधीकधी उलट क्षणभर उचलली जाते.

आता शोधाकडे. छातीचा साधा एक्स-रे पुरत नाही. स्मॉल सेलची गाठ अनेकदा मधोमध, मोठ्या श्वासनलिकांच्या आणि हृदयाच्या सावलीत लपते. छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी किंवा पेट सीटी लागतो. पेटलाही आंधळ्या जागा आहेत. गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशयाच्या आजूबाजूचं नीट वाचता येत नाही. मेंदूतल्या आणि लहान गाठीही निसटू शकतात. म्हणून स्त्रियांत स्तनांची मॅमोग्राफी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, पुरुषांत वृषणांची सोनोग्राफी वेगळी करावी, आणि संपूर्ण त्वचा डोक्यापासून तळव्यापर्यंत, नखांखालीही, कोणीतरी उजेडात पाहावी.

प्रतिपिंडांच्या चाचणीवर फार विसंबू नये. रिकव्हरिनविरुद्धची प्रतिपिंडं ठळक सापडली तर पुरावा वजनदार असतो. पण पडद्याविरुद्धची इतर अनेक प्रतिपिंडं धडधाकट माणसांतही सापडतात, आणि एकच रक्त दोन प्रयोगशाळांत गेलं तर उत्तरं वेगळी येऊ शकतात. चाचणी होकारार्थी आली म्हणून आजार सिद्ध होत नाही, नकारार्थी आली म्हणून तो टळत नाही. रक्त मात्र उपचाराआधी घ्यावं. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, दिल्यावर ती नमुन्यात मिसळतात, रक्तद्रव बदलल्यावर रुग्णाची स्वतःची कमी होतात. स्टेरॉइडचंही तसंच. त्यानं साखर चढली की पेटचं चित्र बिघडतं, आणि डोळ्यात लिम्फोमा दडलेला असेल तर त्याच्या पेशी तात्पुरत्या विरघळून बायोप्सी फसते. नजर झपाट्यानं जात असेल तर अर्थातच स्टेरॉइडसाठी दिवस मोजत बसायचं नाही. रक्त काढायचं, स्कॅन लावायचा आणि सुरुवात करायची.

उपचार दोन आघाड्यांवर चालतात. मूळ गाठीवर शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, जे लागेल ते. आणि प्रतिकारशक्ती शमवण्यासाठी शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, बहुधा रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, मग तोंडी स्टेरॉइड. त्याखेरीज इम्युनोग्लोब्युलिन, किलोमागे रोज ०.४ ग्रॅम असं पाच दिवस. रक्तद्रव बदलणं आणि रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती शमवणारं औषधही वापरतात. शरीराचा गाठीशी चाललेला लढा डोळ्यासाठी मंद करायचा का, हा पेच खरा आहे. त्याचं उत्तर कर्करोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, त्या माणसाला समोर घेऊन द्यायचं असतं. जे सांगायलाच हवं ते असं: गाठ गेली म्हणून नजर आपोआप परत येत नाही. मेलेल्या प्रकाशपेशी पुन्हा उगवत नाहीत. ज्या आजारी आहेत पण जिवंत आहेत, त्या वाचू शकतात. 'कार'मध्ये बराच काळ गेला असेल तर नजर फारशी परत येत नाही. लवकर सुरुवात झाली तर आहे ती टिकण्याची, थोडी सुधारण्याची आशा असते. हे ऐकताना माणूस कोसळतो, पण खोटी आशा देऊन त्याचे महिने खर्च करणं अधिक वाईट.

उरलेल्या नजरेसाठीही करण्यासारखं बरंच असतं. झगमग कमी करणाऱ्या पिवळट किंवा तपकिरी काचा, रुंद काठाची टोपी, जिन्याच्या कडेला विरुद्ध रंगाची पट्टी, संध्याकाळी सोबत कोणी, फोनवर काळ्या पार्श्वभूमीवर मोठी पांढरी अक्षरं. हे 'कर्करोगाचं झालं की मग पाहू' म्हणून मागे ढकलू नये. केमोथेरपीला जायच्या पायऱ्या याच डोळ्यांनी चढायच्या असतात.

आणि पहिल्या फेरीत काहीच सापडलं नाही, तर? हे अनेकदा होतं. डोळ्याची तक्रार गाठीच्या कितीतरी महिने आधी येऊ शकते, कारण प्रतिपिंडं बनायला फार मोठी गाठ लागत नाही. काही जणांत शेवटपर्यंत कर्करोग सापडत नाही, त्यांचा आजार निव्वळ स्वयंप्रतिकाराचा असतो. पण तसं म्हणण्याआधी दर चार ते सहा महिन्यांनी स्कॅन पुन्हा करायचे, निदान दोन वर्षं. म्हणून पहिला अहवाल हातात देताना त्यावर 'नॉर्मल' या शब्दाखाली पुढच्या स्कॅनची तारीख लिहावी, आणि शेजारी तीन ओळी: वजन नकळत उतरलं, खोकल्यात रक्त आलं, किंवा ठिणग्या वाढल्या, तर या तारखेची वाट पाहू नये.